फी भरली कुणी?

(राहुरी तालुक्यातल्या बचत गटांच्या आणि महिला मंडळांच्या बायकांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



भाषण सुरू करण्याआधी मला तुम्हाला एक विचारायचंय. लाजू नका, इथं सगळ्या आपल्याच आहेत. तुमच्यापैकी कितीजणींचा एखादा तरी डाग आज गहाण आहे? बँकेत असेल, पतसंस्थेत असेल, सोनाराकडे असेल. हात वर करा बघू.

बरेच हात आहेत. आता ज्यांनी तो दवाखान्यासाठी ठेवला त्यांनी हात खाली घ्या. ज्यांनी बी-बियाण्यासाठी, मोटारीसाठी, बोअरसाठी ठेवला त्यांनीही घ्या. कुणाच्या लग्नासाठी ठेवला असेल त्यांनीही.

आता जे हात वर राहिलेत ते मुलांच्या फीसाठी. राहू द्या क्षणभर तसेच, एकमेकींकडे बघून घ्या. एकटीलाच असं झालंय असं प्रत्येकीला वाटत असतं, म्हणून बघायला सांगितलं. मला आणखी एक प्रश्न विचारायचा होता, की तो डाग मुलासाठी ठेवला की मुलीसाठी? पण तो आत्ता नको. तो शेवटी विचारीन.

आधी माझंच सांगते. आमचं गाव मुळा धरणाच्या वरच्या अंगाचं. खाली कालव्याचं पाणी आणि ऊस, वर आमच्याकडे बाजरी, मठ, हुलगे. १९९१ साली मी दहावी झाले. गावात शाळा दहावीपर्यंतच, अकरावीला राहुरीला यावं लागायचं. मुलींची बारावीपर्यंतची फी सरकारनं तेव्हा माफ केलेलीच होती. म्हणजे माझ्या अकरावीला फी नव्हती. तरी मी गेले नाही. एसटीला रोजचं भाडं लागणार होतं. मुलींना एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना तेव्हा अजून यायची होती. बाहेर जायचं तर एक बरा कपडा लागणार होता. आणि मी दिवसभर बाहेर राहिले तर चार शेरडं आणि धाकटी बहीण कोण सांभाळणार, हा घरातला सर्वांत मोठा प्रश्न होता. आई रोजानं खुरपायला जायची.

त्याच वर्षी थोरल्या भावाला एका विनाअनुदानित डी.एड. कॉलेजात घातलं. तिथं देणगी मागितली, पावती मात्र फक्त फीची दिली. देणगीसाठी आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. ‘पोरगा मास्तर झाला की सोडवू’ असं ठरलं होतं. पण व्याज चढत गेलं आणि शेवटी पाटल्या मोडाव्या लागल्या. भाऊ मास्तर झाला. चांगला मास्तर आहे, माझा त्याच्यावर राग नाही. पण गावात सगळे म्हणायचे, ‘बापानं पोटाला चिमटा घेऊन पोराला शिकवलं.’ वडिलांनी कष्ट केले हे खरंच आहे. पण पाटल्या कुणाच्या होत्या? आणि अकरावी कुणाची गेली? ते कुणी कधी मोजलं नाही. मी स्वतः मोजायला शिकले ते पुढं लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर, मुक्त विद्यापीठातून बी.ए. करताना.

आज मला हेच बोलायचंय. ‘घरच्यांनी फी भरली’ असं आपण सहज म्हणतो. पण घर म्हणजे एक माणूस नव्हे. घरातल्या कुणाच्या अंगावरून, कुणाच्या झोपेतून, कुणाच्या शिक्षणातून ती फी निघते, हे विचारल्याशिवाय फीचा प्रश्न पुरता कळणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट

हा प्रश्न आपल्या मातीत नवा नाही. आपल्या नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार बाई मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्यांचं काम जोतीराव फुल्यांनी बघितलं आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी नगरला येऊन याच फॅरार बाईंकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. म्हणजे मुलींच्या शिक्षणाची वाट पुण्याला गेली ती नगरवरून.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात त्यांनी पैशाचा हिशोब मांडला. सरकारच्या तिजोरीतला पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, म्हणून रयतेच्या मुलांना निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीनं द्या, अशी मागणी त्यांनी केली. पैसे कुणाचे आणि शिकतं कोण, हा प्रश्न जोतीरावांनी सरकारला विचारला. त्यांच्याच नावाचं कृषी विद्यापीठ आपल्या राहुरीत आहे. त्या कमानीखालून आपण रोज येतो-जातो. तोच प्रश्न आता आपण सरकारला विचारायचा आणि घरातही विचारायचा.

आणखी एक बाई आठवू या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई. साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांना जेवायला धान्य नव्हतं तेव्हा त्यांनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रही दिलं. आपण त्यांचं नाव भक्तीनं घेतो आणि ते घ्यायलाच हवं. पण मला कधीकधी वाटतं, त्या गोष्टीनं आपल्याला बाईनं सोनं देणं तेवढं शिकवलं. लक्ष्मीबाईंनी ते दिलं गोरगरिबांच्या, सगळ्या जातींच्या मुलांसाठी, शिक्षण सगळ्यांचं व्हावं म्हणून. आज आपण प्रत्येकजण आपापला डाग घेऊन एकएकटी सोनाराच्या पायऱ्या चढतो, आपापल्या एका मुलासाठी. पुढची बाई कोण, मागची कोण, हे बघतही नाही.

ओझं घरावर कसं आलं

थोडक्यात सांगते, कारण हे माहीत असायला हवं. स्वातंत्र्यानंतर शाळा-कॉलेजं वाढली ती मुख्यतः सरकारी अनुदानावर. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना ई.बी.सी. म्हणजे फीमाफी होती. गावातली पहिली शिकलेली पिढी त्यावर शिकली. मग १९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. आमच्यासारख्या ग्रामीण भागात कॉलेजं आली, हे खरं. आपल्या शेजारी लोणीला अभियांत्रिकी कॉलेज निघालं ते त्याच वर्षी. पण शिकण्याचा खर्च हा विद्यार्थ्याच्या घरानं द्यायचा, ही रीत तिथून रुजली. देणगीवर बंदी घालणारा कायदा १९८७ साली झाला. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निम्म्या जागा कमी फीच्या आणि निम्म्या जादा फीच्या अशी वाटणी सांगितली. २००२ साली टी.एम.ए. पै खटल्यात ती वाटणी गेली. राज्यात फी ठरवण्यासाठी आणि प्रवेशासाठी स्वतंत्र कायदा आला तो २०१५ साली.

या चाळीस वर्षांत फीचं ओझं सरकारच्या खांद्यावरून हळूहळू घराच्या खांद्यावर आलं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०२५ साली शालेय शिक्षणाच्या खर्चाची पाहणी केली. ज्यांना खर्च येतो अशा शंभरातल्या ९५ मुलांनी सांगितलं की पैसा मुख्यतः घरातल्या माणसांकडून येतो. सरकारी शिष्यवृत्ती हा मुख्य आधार आहे असं सांगणारी मुलं शंभरात जेमतेम एक भरली. त्याच पाहणीत सरकारी शाळेतल्या मुलामागं वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये निघाला, आणि इतर शाळांतल्या मुलामागं २५,००२ रुपये. शिवाय शंभरातली २७ मुलं खाजगी क्लासला जात होती. शाळेची फी वेगळी, क्लासची फी वेगळी. आणि ही नुसती शाळेची गोष्ट आहे, कॉलेज याच्या पुढं.

घर फी कशी भरतं

आता आपल्या घरात या. फी येते जून-जुलैत. शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी येतो? गावरान कांदा उन्हाळ्यात निघतो आणि चाळीत ठेवतो, दिवाळीकडे चार पैसे जास्त मिळतील म्हणून. पण जूनमध्ये कॉलेजचा मेसेज येतो, अमुक तारखेच्या आत भरा नाहीतर प्रवेश रद्द. मग चाळ फोडायची आणि त्या दिवशी वांबोरीला, राहुरीला जो भाव असेल तो घ्यायचा. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, भाव कोसळले. कॉलेजच्या दुसऱ्या हप्त्याची वेळ साधारण तीच असते. भाव पडला म्हणून हप्ता कुणी पुढं ढकलत नाही.

उसाचं पेमेंट चौदा दिवसांत द्यावं असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. आपल्यातल्या किती घरांना ते चौदा दिवसांत मिळालं, ते तुम्हीच सांगा.

मग राहिलं दूध. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो, म्हणून बस, क्लास, वह्या, मोबाईलचं रिचार्ज हे सगळं दुधावर चालतं. धार कोण काढतं? शेण कोण भरतं? पहाटे चारला चारा कोण टाकतं? आणि डेअरीचं खातं कुणाच्या नावावर आहे? हसू नका. क्लासची फी वाढली की घरात आणखी एक गाय येते. गाय आली म्हणजे बाईची एक तासाची झोप गेली. तो तास कुठल्या पावतीवर लिहिलेला नसतो.

मग गट. गटातून कर्ज उचलताना आपण कारण काय लिहितो? ‘शेळीपालन’. शेळी कागदावर, पैसे फीला. मी तुम्हाला दोष देत नाही. फॉर्मवर जे कारण चालतं ते आपण लिहितो. पण शेळी घेतली असती तर तिला करडं झाली असती, त्यातून हप्ता गेला असता. फी भरली की हप्ता कशातून जायचा? बाईच्या रोजातून. म्हणून ज्या बाईच्या घरात पोरगं कॉलेजात आहे ती बाई आजारपणातही खाडा करत नाही.

गटाचं पुरलं नाही की मायक्रोफायनान्स कंपन्या. दारात येतात, बायकांनाच देतात, कारण बाई पळून जात नाही आणि बाईला लाज वाटते. एका कंपनीचा हप्ता फेडायला दुसरी, दुसरीसाठी तिसरी. रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम नीट ऐका, कारण हा कुणी तुम्हाला सांगत नाही. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज. आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. महिन्याला वीस हजार घरात येत असतील तर सगळे हप्ते मिळून दहा हजारांच्या आत. ज्या बाईचे त्याहून जास्त चाललेत तिनं विचारायला हवं, की माझं उत्पन्न तुम्ही कागदावर किती लिहिलंय?

बँकेचं शैक्षणिक कर्जही आहे. त्याचं व्याज बाहेरच्यापेक्षा कमी आणि हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो. पण साधारणपणे साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. तारण म्हणजे जमीन किंवा घर. सातबारा कुणाच्या नावावर? शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती केली तेव्हा काही गावांत बायकोच्या नावानं जमीन झाली. १९९४ साली महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारा कायदा आला, २००५ साली देशभर आला. पण आपल्यातल्या किती बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करून दिल्यात? जमिनीवर नाव नाही, पण कर्जावर सहकर्जदार म्हणून सही आईची. कर्ज बुडालं तर बँक तिलाही विचारणार. कशावर सही करतोय हे वाचून घेतल्याशिवाय अंगठा टेकवू नका, सही करू नका.

आणि ज्यांच्याकडं गहाण टाकायला काहीच नाही त्या? पाथर्डी, आष्टी, पाटोद्याकडून आपल्या उसाला जी जोडपी येतात, ती मुकादमाकडून उचल घेतात. त्या उचलीतून गावाकडच्या मुलाची फी जाते. मुलगी मात्र आईबरोबर फडावर येते, भाकरी थापायला आणि तान्हं सांभाळायला. तिची शाळा सुटते. पुढं तिला गावात एकटी ठेवायची भीती, म्हणून लग्न लवकर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ बावीसजणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. यातल्या प्रत्येक लग्नामागं फीच होती असं मी म्हणणार नाही. पण ‘शिकवायचं तर खर्च, आणि लग्नाचा खर्च वेगळाच’ हे वाक्य त्यांतल्या बऱ्याच घरांत बोललं गेलं असणार. ते तुम्ही-मी आपल्याही घरात ऐकलंय.

मुलीची फी कशात जाते

एक साधं काम करा. आपल्या वस्तीवरची दहा घरं घ्या, जिथं मुलगा आणि मुलगी दोन्ही शाळेत आहेत. इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये कोण चढतं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत चालत कोण जातं, मोजा. क्लास कुणाला लावलाय, मोजा. बारावीनंतर मुलाला ‘काहीतरी मोठं’ करायला पुण्याला पाठवतात आणि मुलीला ‘जवळचं काहीतरी’ बघतात. मुलीला जवळचं म्हणून जे कॉलेज मिळतं ते तिच्या मार्कांना शोभणारं असतंच असं नाही. त्याला आपण ‘तिच्याच काळजीपोटी’ म्हणतो.

मुलीसाठी पैसा जमवत नाहीत असंही नाही. जमवतात, पण कशासाठी? लग्नासाठी. १९६१ पासून हुंड्याला बंदी आहे, पण हुंडा वेगवेगळ्या नावांनी चालूच आहे. आता तर शिकलेल्या मुलीला शिकलेला नवरा हवा, आणि शिकलेल्या नवऱ्याचा भाव जास्त. म्हणजे मुलीला शिकवलं की लग्नाचा खर्च वाढतो, या भीतीनं तिला शिकवत नाहीत. जे पैसे तिच्या अकरावी-बारावीला लागले असते ते मांडवाला, फर्निचरला, जावयाच्या अंगठीला जातात. तो खर्च एका दिवसात होतो आणि त्याला कुणी परवडत नाही म्हणत नाही.

२०२४ चा निर्णय

आता एक चांगली गोष्ट. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारनं निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या ज्या मुलींच्या आई-वडिलांचं एकत्र उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आधीपासून आहेत. २०२४-२५ या वर्षापासून हे लागू झालं. हा निर्णय मोठा आहे. ज्या आईला ‘पोरीला कशाला एवढा खर्च’ असं ऐकून घ्यावं लागायचं, तिच्या हातात आता उत्तर आहे.

पण अटी लक्षात ठेवा. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर माफी नाही. खाजगी विद्यापीठांत आणि अभिमत विद्यापीठांत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे लगेच प्रवेश मिळेल’ असं सांगणाऱ्या एजंटाच्या नादी लागून मुलीची माफी घालवू नका.

आणि माफ आहे ती शिक्षण फी आणि परीक्षा फी. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस, पुस्तकं, प्रयोगाचं साहित्य हे घरानंच बघायचं. माझ्या १९९१ च्या अकरावीचीच ही गोष्ट आहे. फी शून्य असूनही मी गेले नाही, कारण फीच्या पलीकडचा खर्च कुणी धरलाच नव्हता. आज मुलीच्या शिक्षणात फीपेक्षा राहण्या-खाण्याचा प्रश्न मोठा झालाय. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, स्वाधार, सावित्रीबाई फुले आधार योजना अशा योजना आहेत. त्यांत कोण बसतं, अर्ज कधी करायचा, हे कळेपर्यंत तारीख निघून जाते. सरकारी वसतिगृहातल्या जागा किती, हे तालुक्याला, जिल्ह्याला विचारणं हे आपल्या संघटनांचं काम आहे.

कागदांचं तर विचारू नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, आधारला जोडलेलं बँक खातं. सेतूत तीन चकरा म्हणजे तीन दिवसांचा रोज बुडाला. ‘आधी भरा, मग सरकारकडून आलं की परत देऊ’ असं ऐकवणारी कॉलेजंही भेटतात. तिथं शासन निर्णयाची प्रत पुढं ठेवायची आणि लेखी मागायचं. तोंडी बोलणारा माणूस लेखी मागितलं की जरा जपून बोलतो.

ज्यांच्या घरात बाप नाही

यात सगळ्यांत जास्त अडतं ते टाकलेल्या बायकांच्या मुलींचं. परवा एका ताईनं मला सांगितलं, तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी दुसरी करून निघून गेला. मुलीचा अर्ज भरायला ती एका कार्यालयात गेली, तर म्हणे वडिलांच्या उत्पन्नाचा पुरावा आणा. बारा वर्षांत ज्यानं पोरीला वही दिली नाही, त्याच्या पगारामुळं पोरगी श्रीमंत ठरायची!

आपल्याच जिल्ह्यात संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरली होती. टाकलेल्या बाईचं स्वतंत्र घर असतं, तिचं नाव रेशनकार्डावर हवं, हे मागणं तिथून पुढं आलं. आता त्याच मागणीत एक ओळ घालायला हवी, की आई एकटी सांभाळत असेल तर उत्पन्न आईचंच धरा. वडील लक्ष घालत नसतील तर आई मुलांची नैसर्गिक पालक ठरते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सांगितलंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं राज्यात सक्तीचं झालं. नाव कागदावर आलं ते चांगलंच. आता त्या नावाला कार्यालयात वजनही आलं पाहिजे.

आणि पोटगीचा दावा असेल तर त्यात शिक्षणाचा खर्च मागायला विसरू नका. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी आणि शिक्षण असं लिहिलंय. अविवाहित मुलीसाठी तर तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही धरलाय. गंमत बघा, लग्नाचा खर्च मागायचं प्रत्येक बापाला, भावाला आठवतं. शिक्षण त्याच कायद्यात आहे, ते वकिलालाही आठवण करून द्यावं लागतं. फीच्या पावत्या, क्लासच्या पावत्या, बसचे पास जपून ठेवा. कोर्टात त्यांनाच किंमत असते.

आपण काय करू शकतो

मोठमोठ्या घोषणा मी देत नाही. पाच कामं सांगते.

एक, प्रत्येक गटानं मे-जूनमध्ये एक दिवस कागदांसाठी ठेवायचा. गटातली जी शिकलेली सून किंवा लेक असेल तिनं सगळ्यांचे अर्ज बघायचे. एकटीच्या तीन चकरांऐवजी दहाजणींची मिळून एक चक्कर.

दोन, गटाच्या कर्जात ‘शिक्षण’ हे कारण उघड लिहायचं. आणि मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाला व्याज कमी, असा ठराव करायचा. गट आपला, व्याज आपण ठरवतो. मग शेळीच्या नावानं फी भरायची वेळ येणार नाही, आणि फीसाठी किती कर्ज जातं हे वर्षाखेर आपल्यालाही कळेल.

तीन, खाजगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते, असा राज्याचा २०११ चा कायदा आहे. त्या समितीसाठी ‘साहेब, तुम्हीच जा’ म्हणून नवऱ्याला पुढं करू नका. दूध आपण काढतो, तर फी किती असावी यावरही आपणच बोलू. आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला अडवून ठेवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. अडवला तर एकटीनं रडत घरी यायचं नाही, गट घेऊन जायचं.

चार, आपल्या आमदार-खासदारांकडं, कॉलेजांकडं मागायचं, की फीचे हप्ते पिकाच्या वेळेला जोडून द्या. जूनऐवजी दिवाळी, आणि मग मार्च. कर्ज पिकानुसार फिरतं, तर फी का फिरू नये? आणि तालुक्याच्या ठिकाणी मुलींसाठी वसतिगृह. हे मागणं आपण एका सुरात केलं तर दुर्लक्ष करणं अवघड होईल.

पाच, घरात एक वही ठेवायची. शंभर पानी, साधी. एका बाजूला मुलाचा शिक्षणाचा खर्च, दुसऱ्या बाजूला मुलीचा. आणि तिसरा रकाना, पैसा कुठून आला: कांदा, दूध, रोज, गट, डाग. ही वही भांडायला नाही. नवऱ्यालाही दाखवा. बहुतेक पुरुषांनी हा हिशोब कधी असा एकत्र बघितलेलाच नसतो. बघितला की काहीजण गप्प होतात, काही चिडतात, काही पुढच्या वर्षी वेगळं वागतात. मी तिन्ही प्रकारचे बघितलेत.

शेवटी

माझी आई आता सत्तरीच्या पुढं आहे. परवा माझ्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, फीमाफीतून. आईला सांगितलं. तिनं विचारलं, ‘मग यंदा काय मोडलं?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ तिचा विश्वास बसला नाही. ती दोन वेळा विचारत राहिली, की लपवत तर नाहीस ना? शिकणं म्हणजे कुणीतरी काहीतरी मोडणं, असंच तिनं आयुष्यभर बघितलंय. मी लपवत नव्हते. पण खोटंही बोलले होते थोडं. वसतिगृहाचे आणि मेसचे पैसे भरायला मी गटाचं कर्ज काढलंय. कारणाच्या जागी मात्र या वेळी ‘मुलीचं शिक्षण’ असंच लिहिलंय.

सुरुवातीला जो प्रश्न राखून ठेवला होता तो आता विचारते. ज्यांचा डाग फीसाठी गहाण आहे, त्यांनी हात वर करू नका. नुसतं मनाशी सांगा, तो मुलासाठी ठेवला की मुलीसाठी? आणि मुलासाठी असेल, तर घरातल्या मुलीसाठी गेल्या पाच वर्षांत काय मोडलं होतं?

उत्तर मला देऊ नका. घरी गेल्यावर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या बैठकीला येताना वही बरोबर आणा, मीही माझी आणते.